तुरीच्या शेतातून उल्कावर्षाव

डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत, उघड्या शेतात, बाजेवर उताणं पडून तुम्ही कधी रात्र काढली आहे का? अंगावर दोन गोधड्या, त्यांच्यावर एक घोंगडी, डोक्याला मफलर, आणि बाहेर फक्त डोळे नि नाक! नसेल काढली तर एकदा नक्की काढा. मी काढली, तीही एकटीने नाही. सोबत माझा चौथीतला भाचा होता, आमची आई होती, म्हणजे त्याची आजी, आणि माझा दादा होता. दादा मात्र बाजेवर नव्हता. तो चिखलात होता. तो चिखलात का होता ते पुढे येईलच.

ही गोष्ट १४ डिसेंबर २०२३ची, गुरुवारच्या रात्रीची. दर वर्षी डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास आकाशात मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. वर्षभरात जे दहा-बारा नावाजलेले वर्षाव होतात त्यांतला हा सगळ्यांत भरवशाचा. ऑगस्टमधला ययाती समूहातला वर्षावसुद्धा मोठाच असतो, पण त्याचा आपल्याला काय उपयोग? ऐन श्रावणात वऱ्हाडच्या आकाशावर ढगांची चादर पांघरलेली असते! डिसेंबरात मात्र आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. त्यातून २०२३ साली योग असा जुळून आला, की १२ तारखेलाच अमावास्या झाली होती. चौदाला चंद्राची बारीक कोर संध्याकाळीच मावळणार होती. वर्षावाचा भर मध्यरात्रीनंतर लगेच येणार, म्हणजे नेमका आपल्या देशात मिथुन रास डोक्यावर चढत असताना. इतकं सगळं एकाच वेळी जमून येणं दुर्मीळ. मी शाळेत रजेचा अर्ज दिला. भाच्याच्या शाळेला चिठ्ठी पाठवली. (चिठ्ठीत कारण खरं लिहिलं होतं, बरं का! त्याच्या बाईंनी त्यावर लाल पेनाने लिहून पाठवलं, ‘सोमवारी वर्गात पाच मिनिटं सांगणे.’)

भाचा शिकायला अमरावतीत माझ्याकडे असतो. त्याचे आईवडील आणि आजी असतात गावाला, अचलपूरच्या अलीकडे. पहिला बेत चिखलदऱ्याचा होता. विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच, आणि भोवती मेळघाटचं जंगल. तिथल्यासारखं काळंभोर आकाश कुठे मिळणार? पण आई म्हणाली, “मले तो घाट नाही सोसत वं. अन् थंडी कितीक तिथं! आपल्या वावरातून काय आभाळ दिसत नाही?” तिचं म्हणणं बरोबर होतं. आभाळ सगळीकडे तेच असतं, फक्त दिवे नकोत.

दुपारी अमरावतीच्या डेपोतून परतवाड्याची एसटी पकडली. हा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. डिसेंबरात दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली असते. बायका कमरेला ओटी बांधून पांढराशुभ्र कापूस वेचत असतात. मधूनच संत्र्यांच्या बागा लागतात, पिवळ्या फुलांनी आणि शेंगांनी वाकलेली तूर लागते. आणि उत्तरेकडे बघावं तर आभाळाच्या काठावर एक निळसर लांबच लांब भिंत उभी राहते. ती सातपुड्याची गाविलगडची रांग. तिच्या माथ्यावर गाविलगडचा किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो जिंकून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा तोच हा! म्हणजे बघा, आम्ही तारे पाहायला निघालो त्या रात्रीच्या बरोब्बर दोनशे वीस वर्षं आधी, त्या डोंगरावर तोफांच्या तोंडापुढे माणसं अशीच रात्रभर जागी होती. भाच्याला मी हे सांगितलं. त्याने खिडकीबाहेर पाहत नुसतं “हं” केलं. एरवी लढाईच्या गोष्टीला कान टवकारणारा मुलगा त्या दिवशी गप्प होता. मला वाटलं, एसटीत त्याला मळमळतंय.

गावाला पोचलो तर अंगणात रोडगे भाजायची तयारी. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले गरम रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. वऱ्हाडात आलात आणि रोडगे खाल्ले नाहीत तर तुमची फेरी फुकट गेली असं समजा. सगळे जेवायला बसलो. आणि तिथे भाच्याने मध्येच विचारलं,

“आत्या, आज शंभर तारे तुटणार ना?”

“तासाला शंभर. आभाळ काळं असलं तर.”

“म्हणजे तासाला शंभर माणसं मरणार?”

आईचा वाढता हात थांबला. दादा ताटाकडे बघत राहिला.

आता तुम्हाला मागचं सांगायला हवं. आमचे आबा, म्हणजे भाच्याचे आबाजी, त्याच्या आदल्या वर्षी, २०२२च्या दिवाळीत गेले. वसुबारसेची रात्र होती. पहाटे आई अंगणात उभी होती आणि तिने दक्षिणेकडे एक तारा तुटताना पाहिला. थोड्या वेळाने घरात आबांचा श्वास थांबला. आईने नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं. तारा तुटला की कुणीतरी जातं, हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. तुटता तारा दिसला की जुनी माणसं ‘राम राम’ म्हणून तोंड फिरवतात. मोठी माणसं हे ऐकतात आणि कामाला लागतात. आठ वर्षांच्या मुलाने मात्र ते ऐकून मनात ठेवलं होतं. अमरावतीला आमच्या गच्चीवर तो रात्री येत नसे. मी समजत होते, त्याला अंधाराची भीती वाटते!

त्यावर मी काय केलं असेल? शिक्षिकेने जे करू नये तेच केलं. भर जेवणात व्याख्यान सुरू केलं. ‘अरे, ते तारे नसतातच मुळी. तारे म्हणजे दूरदूरचे सूर्य. आपण पाहतो ती उल्का. वाळूएवढा, फार तर तुरीच्या दाण्याएवढा खडा. तो प्रचंड वेगाने पृथ्वीच्या हवेत शिरतो आणि...’ भाचा ऐकत होता, आई ऐकत होती, पण कुणाच्याच ताटातला रोडगा संपत नव्हता. माझं म्हणणं खरं होतं, पण ती जागा त्याची नव्हती. माझ्याच लक्षात आलं आणि मी गप्प बसले.

रात्री दहाला बैलगाडीच्या वाटेने वावरात गेलो. तुरीच्या नि हरभऱ्याच्या मधल्या धुऱ्यावर दोन बाजा टाकल्या होत्या. धुरा म्हणजे शेताचा बांध. पलीकडे जागलीचा मचाण. वऱ्हाडात हिवाळ्यात शेतकऱ्याला रात्री घरी झोपून चालत नाही. रानडुकरं हरभरा उकरून टाकतात, रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप एका रात्रीत तूर झोडपून जातो. म्हणून जागल. शिवाय त्या आठवड्यात मोटारीची लाइट रात्रीची होती. शेतातल्या पंपांना वीज पाळीपाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाइट येईल तेव्हा पिकाला पाणी द्यायचं, मग रात्रीचे बारा वाजोत की दोन. थंडीत, चिखलात, अनवाणी. साप-विंचवाचं भय वेगळंच. तुम्ही पुरणपोळी खाल तेव्हा तिच्यातल्या हरभऱ्याच्या डाळीला हेही ठाऊक असतं म्हणा!

तर दादा पाइप बदलायला गेला आणि आम्ही बाजेवर पडलो. पहिलं काम, मोटारीच्या खोपटातला बल्ब घालवणं. दादा कुरकुरला, पण त्याने घालवला. टॉर्चला मी पतंगाचा लाल कागद रबराने बांधून आणला होता. लाल उजेडाने डोळे बिघडत नाहीत. आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि पांढरा उजेड क्षणभर जरी डोळ्यांत गेला तरी ती सगळी मेहनत वाया जाते. मोबाइलसुद्धा नको. दुर्बिणीची गरजच नाही. दुर्बिणीतून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो, आणि उल्का येते भलत्याच कोपऱ्यातून.

अर्ध्या तासाने आभाळ उघडलं. आग्नेयेला अमरावतीच्या बाजूने क्षितिजावर तांबूस उजेडाचा डाग होता, तेवढा सोडला तर सगळीकडे तारेच तारे. पश्चिमेकडे गुरू ग्रह दिव्यासारखा लखलखत होता. उत्तरेला डोंगराच्या काळ्या भिंतीवर, फार उंच नाही, ध्रुवतारा. आपल्याकडे तो क्षितिजापासून एकवीस अंशांवरच असतो. पूर्वेकडून मृग नक्षत्र बरंच वर आलं होतं. त्याच्या मधल्या तीन ताऱ्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. आणि मृगाच्या डावीकडे, जरा खाली, दोन ठळक तारे शेजारी शेजारी. तेच मिथुन राशीतले कॅस्टर आणि पॉलक्स. आपल्या पंचांगातलं पुनर्वसू नक्षत्र ते हेच. नावं दोन, तारे तेच.

पहिली उल्का पुनर्वसूपासून निघाली आणि मृगाच्या पायांखालून सरळ तुरीत शिरल्यासारखी गेली. “गेली!” मी ओरडले. दुसरी डोक्यावरून. तिसरी, चौथी एकामागून एक. अर्ध्या तासात मी वीसच्या वर मोजल्या.

मी एकटीच मोजत होते. शेजारच्या बाजेवर गोधडीचा एक गोळा होता, आणि त्याला डोळे नव्हते. भाच्याने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं होतं. आई त्याला कुशीत घेऊन पडली होती. उल्का दिसली की ती पुटपुटत होती, “राम राम.” दर दीड मिनिटाला राम राम! मी काही बोलले नाही. जेवणातला अनुभव ताजा होता.

तेवढ्यात दादा आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. शेकोटीजवळ उकिडवा बसला आणि गोळ्याकडे बघून म्हणाला, “हे काय बे? तारे पाहाले आला अन् झोपून राह्यला?”

गोधडीच्या आतून आवाज आला, “मले नाही पाहाचे. माणसं मरतात.”

दादाने हात शेकता शेकता थोडा विचार केला. मग म्हणाला, “म्या तं रोज पाह्यतो गा. रातच्या पाण्याले येतो तवा. चार पाह्यतो, पाच पाह्यतो. एखाद्या दिवशी दहा. अन् असा मी वीस वर्षांपासून येऊन राह्यलो. एका ताऱ्याले एक माणूस धरला, तं आपल्या गावात आता कोणी उरलं असतं का? सरपंचसुद्धा गेला असता!”

गोळा हलला. आतून खुसखुस ऐकू आली. मग एक डोळा बाहेर आला, आणि नेमका त्याच वेळी उत्तरेकडे एक लांबलचक उल्का डोंगरावरून गेली. “अबब!” असं म्हणून पोरगं उठूनच बसलं. माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान आणि दादाची चार वाक्यं! शिक्षकांना कधी कधी फार लाज वाटते, मित्रांनो.

मग प्रश्न सुरू झाले. आणि आता जागा बरोबर होती, म्हणून उत्तरंही सोपी झाली.

“हे खडे येतात कुठून?”

‘फेथन’ नावाचा एक लघुग्रह आहे. पाचेक किलोमीटर रुंदीचा खडक. १९८३ साली एका कृत्रिम उपग्रहाने तो शोधून काढला. फेथन हा ग्रीक पुराणातल्या सूर्यदेवाचा मुलगा, बापाचा रथ हाकायला गेला आणि पोळला. हा खडकही सूर्याच्या इतक्या जवळ जातो, की बुध ग्रहसुद्धा तेवढा जवळ जात नाही. त्याच्या वाटेवर त्याचाच चुरा पसरलेला आहे. पृथ्वी दर वर्षी डिसेंबरात त्या चुऱ्यातून जाते. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा खडकाचा, म्हणून तो जरा वेगळा. या वर्षावाच्या नोंदी १८६२पासूनच्या आहेत.

“म्हणजे तारीख ठरलेली?”

“ठरलेली. गेल्या वर्षी हीच, पुढच्या वर्षीही हीच.”

भाचा विचारात पडला. मरणं काही अशी तारीख ठरवून येत नाहीत, एवढं गणित त्याला येत होतं.

“किती उंचीवर जळतात?”

आपल्या अमरावतीहून अकोला जेवढं लांब आहे ना, साधारण तेवढ्या उंचीवर. ऐंशी ते शंभर किलोमीटर. आणि वेग? सेकंदाला पस्तीस किलोमीटर. म्हणजे अमरावतीला एसटीत बसलात, “एक, दोन, तीन” म्हणालात, की अकोला! (बडनेरा, मूर्तिजापूर कधी गेलं कळणारसुद्धा नाही.) एवढ्या वेगाने खडा हवेत घुसला की समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, खडा वितळून त्याची वाफ होते, आणि ती तापलेली वाफ नि हवा चमकते. आपल्याला दिसते ती रेघ ही.

“पण सगळे पुनर्वसूतूनच कसे येतात?”

हा प्रश्न मला फार आवडला. अचलपूर ते मूर्तिजापूर अशी एक छोटी गाडी धावायची, शकुंतला. आता ती बंद पडली. लहानपणी आम्ही तिच्या रुळांवर उभे राहून लांबवर पाहायचो. दोन्ही रूळ समांतर असतात, तरी दूरवर एका ठिपक्यात मिळाल्यासारखे दिसतात. उल्काही एकमेकींना समांतरच येत असतात. आपल्याला मात्र त्या एका बिंदूतून फाकल्यासारख्या वाटतात. उल्का दिसली की तिची रेघ मनातल्या मनात मागे ओढायची. पुनर्वसूपाशी पोचली तर ती या वर्षावातली. नाही पोचली तर कुणी भटकी, वाट चुकलेली.

साडेअकराला भाच्याने वही काढली. मी पेन्सिल आणायला सांगितली होती, कारण थंडीत बॉलपेन चालत नाही. लाल टॉर्चच्या उजेडात रेघा मारायच्या, पाच झाल्या की आडवी रेघ. साडेबारापर्यंत बावन्न झाल्या. दादाने तिकांडं डोक्यावर आलेलं पाहिलं आणि पाइप बदलायला उठला. घड्याळ नाही, मोबाइल नाही, आकाशात बघून! मी विचारलं तर म्हणाला, “आबांनंच शिकवलं होतं.”

आता जरा २०२२कडे परत जाते. त्या वर्षी गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला, विदर्भातल्या कितीतरी लोकांनी आभाळातून जळते गोळे एका ओळीत जाताना पाहिले होते. तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील, निदान आईबाबांच्या मोबाइलवर तरी. अनेकांना तो उल्कावर्षाव वाटला. पण ती उल्का नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं मोठं कडं येऊन पडलं. चीनच्या अग्निबाणाचे ते अवशेष होते, असं जाणकारांनी सांगितलं. फरक कसा ओळखायचा? उल्का एका सेकंदात संपते, ‘बघ बघ’ म्हणेपर्यंत नाहीशी होते. अग्निबाणाचा तुकडा मात्र पृथ्वीभोवतीच फिरत असतो, त्याचा वेग कमी, म्हणून तो सावकाश, सगळ्यांना अंगणात बोलवण्याइतका वेळ देत जातो.

आणि खरोखरच मोठा दगड पडला तर? तेही आपल्या वऱ्हाडाने पाहिलं आहे, फक्त पाहायला माणसं होती की नव्हती कोण जाणे. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे अशाच एका प्रचंड अशनीच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात झालेला खड्डा. काठापासून काठापर्यंत सुमारे अठराशे मीटर. पूर्वी काही जण त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. खडकांचे नमुने तपासून १९७३ साली शास्त्रज्ञांनी आघाताचा पुरावा मांडला. ते नेमकं कधी घडलं यावर अजून वाद आहे. कुणी पन्नास हजार वर्षं म्हणतात, कुणी पाच लाखांच्या पुढे जातात. पण लोणारची सहल हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

साडेबारानंतर थंडी हाडांत शिरायला लागली. तुरीच्या शेंगा मडक्यात मीठ घालून उकडून आणल्या होत्या, त्या आम्ही सोलून खाल्ल्या. ईशान्येकडून सप्तर्षी वर येत होते. आईने भाच्याला दाखवलं, “थे पाय, म्हातारीची बाज. चार पाय हायेत ना? अन् मागं तीन चोर. बाज चोराले आले, पण म्हातारी जागी हाये, म्हणून तसेच मागं मागं फिरून राह्यले.” गोंड लोकांतही सप्तर्षींची अशीच बाजेची नि तीन चोरांची गोष्ट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंडांच्या आणि आपल्या मेळघाटातल्या कोरकूंच्या आकाशज्ञानाचा अभ्यास केला आहे. पुस्तकं नव्हती तेव्हापासून माणसं आभाळ वाचताहेत.

गोष्ट संपली आणि आई गप्प झाली. ‘राम राम’ केव्हाच थांबलं होतं. मग ती मला म्हणाली, अगदी हळू, भाच्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने,

“मंग त्या दिवशी म्या पाह्यला थो कायचा होता वं?”

खरं सांगते, फेथन, वेग, उंची ही सगळी उत्तरं माझ्याजवळ होती. या एका प्रश्नाची मला भीती वाटत होती. आईने वर्षभर तो तारा जपून ठेवला होता. तो मी खडा म्हणून तिच्या हातातून काढून घ्यायचा? पण तिने विचारलं होतं. आणि आईला खोटं सांगायचं नसतं.

मी मनात तारीख मोजली. वसुबारस, २१ ऑक्टोबर. नंतरची पहाट, २२. आणि मला एकदम आठवलं. त्याच दोन-तीन दिवसांत मृग नक्षत्रातला उल्कावर्षाव असतो. त्याची धूळ कुणाची, माहीत आहे? हॅलेच्या धूमकेतूची!

मी म्हणाले, “आई, नक्की कोणता ते सांगता येणार नाही. भटक्या उल्का रोजच पडतात. पण त्या रात्री जास्तीत जास्त पडत होत्या त्या हॅलेच्या धूमकेतूच्या. तुला आठवतो?”

“झाडणीवाला तारा? शहाऐंशीचा?”

१९८६च्या मार्चमध्ये मी भाच्याएवढीच होते. आबांनी एका गुरुजींकडून दुर्बीण मागून आणली होती आणि आम्हाला पहाटे चार वाजता याच वावरात उभं केलं होतं. दक्षिणेकडे खाली एक धुरकट पुंजका दिसला होता, बस्स. मी रडकुंडीला आले होते. पेपरात केवढी मोठी शेपटी छापलेली असायची! आबा म्हणाले होते, “तो शहात्तर वर्षांनी येतो. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याले लहान म्हणू नये.”

“त्याच्याच वाटेवरचा खडा असेल,” मी आईला म्हणाले. “आबांनी दाखवला होता त्याच्या.”

आई बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिली. पदराने नाक पुसलं. थंडीने असेल. मग म्हणाली, “खडा तं खडा. पण म्या पाह्यला, हे तं खरं ना?”

“हो. ते खरं.”

“हाव मंग.”

भाच्याचे कान लांब आहेत. तो लगेच म्हणाला, “तो परत कधी येणार?”

“२०६१ साली. तेव्हा तू सत्तेचाळीस वर्षांचा असशील.”

“बाबांपेक्षा म्हातारा!” दादा अंधारातून ओरडला, “म्हातारा कोणाले म्हणतं बे?”

आणि त्याच वेळी, एकच्या सुमारास, ती मोठी आली. डोक्यावरून निघाली, हिरवट पांढरी, गुरूपेक्षाही तेजस्वी. क्षणभर धुऱ्यावरच्या गवताची सावली पडली. वेचायचा राहिलेला शेजारचा कापूस लख्ख दिसला. चौघांच्याही तोंडून एकच ‘आऽऽ’ निघाला, आणि पलीकडच्या वावरातूनही कुणीतरी ओरडलं. तिथेही कुणी पाणी देत होतं तर! उल्का विझली तरी तिची वाट दोन-तीन सेकंद धुरासारखी तरंगत होती.

सगळे गप्प. भाचा वहीवर वाकला होता. आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मांडली का रे? हे माई मांड. म्या आधी पाह्यली.”

“आजी, तुझ्या वेगळ्या मांडू?”

“वेगळ्या मांड.”

त्याने पानावर उभी रेघ ओढून नवा रकाना केला आणि वर ‘आजी’ असं लिहिलं.

तुम्हालाही असं करायचं असेल तर फार काही लागत नाही. कालनिर्णयात डिसेंबरची अमावास्या कुठे आहे ते पाहा. १३-१४ तारखेच्या जवळ असेल तर उत्तम, पौर्णिमा जवळ असेल तर चंद्राच्या उजेडात निम्म्या उल्का बुडतील. गावाबाहेर कुणाचं तरी वावर असतंच. मोठं माणूस सोबत हवंच, आणि पायात बूट. रात्री दहाच्या आधी जाऊ नका. मध्यरात्रीनंतर खरी मजा, कारण मिथुन रास तेव्हा उंच असते. ‘तासाला दीडशे’ असं वर्तमानपत्रात वाचून गेलात तर हिरमोड होईल. तो आकडा अगदी आदर्श आकाशाचा असतो. शहराच्या गच्चीवरून तासाला दहा दिसल्या तरी खूप म्हणा. आणि डावा-उजवा कोपरा वाटून घ्या, नाहीतर सगळे एकीकडेच बघतात आणि दुसरीकडून तारा निसटतो.

दीडला भाचा पेन्सिल हातात धरूनच झोपला. त्याच्या रकान्यात साडेअकरापासून दोन तासांच्या एकशे तेरा होत्या. दादाची मोटार चालूच होती. चारच्या पुढे पूर्वेला शुक्र उगवला आणि मग लाइट गेली, पाटातलं पाणी थांबलं, एकदम शांत झालं. दादा चिखल धुऊन आला आणि शेकोटीजवळ आडवा झाला.

मला वाटलं आईही झोपली असेल. वही उचलायला हात घातला तर ती तिच्या उशाशी होती. आईला लिहिता येत नाही, पण रेघा मारता येतात. तिच्या रकान्यात पाच-पाचाचे गठ्ठे करून एकोणचाळीस रेघा होत्या, आणि चाळिसावी ती तेव्हाच मारत होती.